नडगी

शिरोड्याच्या खाजनात भात कापून झालं
की खुंटांवर बैल फिरवून आम्ही मैदान करायचो.
गोलपोस्ट पोफळीचे, रेषा चुन्याच्या,
त्याही दुपारपर्यंत कोंबड्यांनी उकरलेल्या.

नडगीला तेव्हा सुपारीची विरी.
ओली असतानाच कापायची, पायावर वाकवायची,
मोजे असले तर मोज्यात,
नसले तर सुंभानं करकचून.
इनास हसायचा, "खेळायला आलात, की जेवणाची पानं मांडायला?"

त्या वर्षी अंतिम सामन्यात माझं सुंभ सुटलं.
वाकून बांधायला वेळ कुणाला होता!
शेवग्याची फांदी मोडते ना, तसा आवाज आला,
आणि मला वाटलं, बांधावर कुणीतरी शेवगा तोडतंय.

आडवा बार उतरवला, दुसरा वासा घेतला,
दोघांच्या जर्सी त्यात ओवल्या
आणि मला उचलला.
सामना तिथंच संपला,
कारण गोलपोस्टही माझ्याबरोबर फोंड्याच्या इस्पितळात आला होता.

आता मी बॅग सांभाळतो.
शनिवारी रात्री प्रत्येक स्टडवरून नख फिरवतो,
धार लागली की दगडावर घासतो;
दुसऱ्याचा पाय फाडायला आपला बूट कशाला?
कीपरचे हातमोजे सावलीत वाळवतो, उन्हात तडकतात.
आंबूस वासानं बायको बॅग घरात घेऊ देत नाही.

जॉयस्टन सतरा वर्षांचा, डावा पाय सोन्याचा.
मोजे घोट्यापर्यंत खाली, आत काडेपेटीएवढा गार्ड.
"अंकल, मोठा घातला की पाय जड होतो."
मी भाषण केलं नाही.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, म्हटलं, बोट ठेव इथं.
हाड जिथं वाकडं जुळलंय तिथं त्यानं बोट ठेवलं,
लगेच काढून घेतलं,
आणि बॅगेतली मोठी जोडी
माझ्याकडे न बघता उचलली.

दुसरा हाफ. त्यांचा स्टॉपर
दोन्ही पाय पुढं करून आला, मालट्रक उतारावर सुटावा तसा.
टक्!
करवंटीवर करवंटी आपटावी, एवढंच.
माझा हात आपोआप माझ्याच नडगीवर गेला.
पोरगं गवतात पडलेलं. मी मोजतोय, एक, दोन,
नऊपर्यंत गेलो असेन.
मग तो उठला, मोजा वर ओढला,
आणि फ्री किक मीच मारणार म्हणून कॅप्टनशी भांडू लागला.

मारलीही. बॉल बारवरून थेट मानशीच्या पाण्यात.
एक शून्यनं हरलो.
परतताना गाडीत कुणी बोललं नाही,
जॉयस्टन तेवढा पायाची निळी खूण दाखवत होता,
बक्षीस मिळाल्यासारखी.

रात्री धुवायला काढले तर त्याचा उजवा गार्ड
वरपासून खालपर्यंत चिरलेला.
आतला फोम मात्र शाबूत, घामानं जड.
टाकून देववेना. तारेवर बाकीच्यांसोबत
एक चिमटा लावून टांगला,
वाऱ्यावर तो एकटाच वेगळा वाजत होता.

क्लबच्या वहीत सामानाची नोंद करावी लागते.
रकाना होता, "निकामी".
मी पेन घेतलं, 'नि' खोडला,
आणि पुढं लिहिलं:
उजवा, एक.
आला.