तिरका टॉर्च

पडदा काळा, पण पंखा घुमतोय.
"म्हणजे जीव आहे," मुश्ताक परकार म्हणतो,
आणि लॅमिंग्टन रोडच्या त्या पोटमाळ्यावरचा
दिवा मालवतो.
टॉर्च तिरका धरतो काचेवर,
विहिरीत पडलेली घागर शोधावी तसा.

खोल, राखेच्या रंगात
दिसू लागतं माझं पत्र:
'महोदय, मी माझ्या पदाचा'
एवढंच.
अकरा दिवस एवढंच.

"चित्र आहे हो. उजेड गेलाय."

खात्रीसाठी दुसरा मॉनिटर जोडतो,
जोडण्याआधी त्याचं तोंड भिंतीकडे करतो.
बाकावर आणखी तिघे बसलेत,
मांडीवर आपापलं बंद पडलेलं घेऊन.

मग स्क्रू, चुंबकाच्या बशीत.
बिजागरीतून निघते केबल,
एकाच घडीवर सोललेली.
"दिवसातून किती वेळा उघडता, मिटता?"
मी मोजलं नव्हतं.

साडेनऊशे रुपये. नवी केबल.
पडदा भसकन उजळतो,
'पदाचा'च्या पुढे कर्सर
लुकलुकतोय, जसा काही झालंच नाही.

बाहीने काच पुसत तो विचारतो,
"बघून घ्या. दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय," मी म्हणाले,
आणि झाकण मिटलं,
हळू,
बिजागरीला जपून.