चिपला शेक

आधी एकच रेघ आली, हिरवी, उभी,
चादरीवरच्या मोराच्या मानेतून आरपार.
मला वाटलं, डिझाइनमध्ये माझंच काही चुकलं.
मग चौदा झाल्या. मग मोर गेला,
नुसत्या रेघा उरल्या.

अप्पा खाटेवरून पाहत होते.
चाळीस वर्षं मागावर काढलेला माणूस,
म्हणाले, ताणा तुटलाय गं, फणीत बघ.
अप्पा, ग्राफिक्स कार्ड आहे हे.
तेच की, म्हणाले.

नवी पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
सिद्राम हत्तुरेनं मदरबोर्ड उघडा केला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
आणि हा नखाएवढ्या चिपला
गरम हवेचा शेक देत बसला.
गरमीनंच गेलंय ना हे?
हो, आणि गरमीनंच उठतंय.
किती दिवस, ते मात्र विचारू नका, मॅडम,
अकरा वर्षांचं मशीन, पार्ट येत नाही आता.
साडेसहाशे घेतले. पावती नाही.

आता टेबल फॅनचं तोंड त्याच्याकडे,
मी घामात.
खाली शेंगाचटणीच्या बरण्यांची चार झाकणं,
वारा खेळावा म्हणून.
सोळा रंगांचे आठ केले.
कारखानदाराला सांगितलंय, सोमवारी नक्की.

रात्री कडेला एक रेघ परत आली.
अप्पा उठले, चष्मा न लावता,
अंगठा आणि तर्जनी जुळवून
पडद्यावर टेकवली, गाठ मारायला.
मी अडवलं नाही.
पेन ड्राइव्ह शोधत होते.
पिसाऱ्याची उजवी बाजू अजून राहिलीय.