साकु

उद्यमबागेत, आमच्या शेडच्या तिसऱ्या मशीनवर
मी एक बारीक डोकं घासतो :
करंगळीच्या नखाएवढी चकती,
तिच्यावर खर,
बोटाला लागते मांजराच्या जिभेसारखी.
बेंगळूरची ऑर्डर. महिन्याला सहाशे नग.
चलनावर नुसता नंबर असतो.
कशाला लागतं हे कुणी सांगत नाही,
मीही कधी विचारलं नाही.
पंपाची झडप करताना विचारलं होतं का
पाणी कुठल्या रानात जाणार?

जानेवारीत इंदूच्या कोपरावर पांढरा ठिपका दिसला.
आधी जोंधळ्याएवढा. मग आठ आण्याएवढा.
शेजारच्या भागीरथाकाकी म्हणाल्या,
पोरीची जात, झाकून ठेवा.
बायकोनं लांब बाह्यांची दोन झंपरं शिवली.
ऐन उन्हाळ्यात.

सिव्हिलला बुधवारी कातडीची ओपीडी.
नर्स निंगव्वा, गोकाककडची,
मराठी बोलते ती कन्नडच्या चालीवर.
ट्रेमधून तिनं पेनासारखं यंत्र उचललं
आणि त्याच्या टोकाला
माझी चकती.

ओळखण्यात चूक नाही.
कडेचा तो पाव मिलिमीटरचा उतार
ड्रॉइंगमध्ये नाहीच, मी माझ्या मनानं देतो.
कड राहिली तर बोचेल, वाटलं होतं.
कुणाला, ते ठाऊक नव्हतं.

"वरचं कातडं मेलेलं असतंय बघ, कडी घालून बसलेलं.
ते जरासं खरवडायचं. मग औषध आत जातंय.
सुई नाही, काही नाही."
इंदूनं हात पाठीमागं नेला.
"बरं, पहिला अप्पाला करूया."

माझ्या मनगटावर फिरवलं.
तीनदा. दहादा. वीसदा.
लाली म्हणून येईना.
सत्तावीस वर्षांचा लोखंडाचा बुरा, कूलंट, ठिणग्या,
सगळं तिथं थरावर थर घेऊन बसलेलं.
"यांच्यात औषध जायचं नाही," निंगव्वा म्हणाली,
"यांना ड्रिल लागतंय."
बाकावरचे दोघे-तिघे हसले. इंदू सगळ्यांत मोठ्यानं.
आणि हसता हसता
कोपर कधी पुढं केलं, तिलाच कळलं नाही.

एक फेरा. दोन. तिसऱ्याला
कातडीवर डाळिंबाच्या कच्च्या दाण्याचा रंग चढला.
"साकु," निंगव्वा स्वतःशीच म्हणाली
आणि थांबली.
दोन थेंब. वर पातळ पट्टी.

मी आयुष्यभर चकाकी येईपर्यंत घासलं.
कुठं थांबायचं ते मला कॅलिपर सांगायचा,
नाहीतर भोंगा.
हिला कशानं कळलं?
विचारायचं होतं. चकती माझी, हेही सांगायचं होतं.
तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं,
सदलग्याची एक म्हातारी पदर सावरत उठली
आणि आम्हाला बाक सोडावा लागला.

येळ्ळूरच्या बसमध्ये इंदू गप्प.
बाही दुमडलेलीच ठेवली होती तिनं,
पट्टी खिडकीच्या बाजूला.
कंडक्टरनं बघितलं, तिकीट फाडलं.

रात्री जेवणं झाल्यावर
ती भांडी घासायचा काथ्या घेऊन आली,
माझा हात मांडीवर घेतला
आणि मनगटावर हळूहळू फिरवायला लागली.
दर तीन फेऱ्यांनी बल्बाकडं धरून बघायची.
"दुखूलालंय काय, अप्पा?"
नाही, म्हटलं.
आतून बायकोची हाक, दिवा मालवा आता.
इंदू थांबेना.
मीही साकु म्हटलं नाही.