नंबर नसलेली बाटली

रायजीभाई पढियार आले तेव्हा
मी ब्युरेटवर डोळा लावून बसले होते.
हिरवट निळं पाणी एका थेंबात विटकरी होतं,
तिथे हात थांबवायचा असतो.
एक थेंब पुढे गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.
एकवीस वर्षं मी हेच करते,
कुठे थांबायचं ते बघते.

त्यांनी टेबलावर सरबताची जुनी बाटली ठेवली,
झाकणाला पिशवीचा तुकडा गुंडाळलेला.
आत बोअरचं पाणी, चहा संपलेला कप
विसळल्यावर उरतं त्या रंगाचं.
"पिता येईल का बेन, एवढंच सांगा."

आमच्याकडे नमुने येतात ते लाखेचं सील लावून,
कंपनीच्या शिपायाच्या हातून, चलनासकट,
सकाळी आठला भरलेले.
आठला, कारण रात्रपाळीचं पाणी
साडेसातपर्यंत पुढे गेलेलं असतं.
हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांनाही.
रिपोर्टात 'वेळ' असा रकाना आहे,
'काल रात्री' असा नाही.

आणि खोटं कशाला बोलू,
दांडिया बाजारातली भाड्याची खोली सोडून
आम्ही मांजलपुरात फ्लॅट घेतला
तो लाल रंगाची निर्यात दुप्पट झाली त्या वर्षी.
तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटले होते.
मी दोन घेतले.

बाटलीला नंबर नव्हता, फॉर्म नव्हता,
तरी मीटरचा दांडा बुडवला.
आकडा चढत चढत एकतीसशेवर थांबला.
"एकतीसशे," मी म्हटलं.
त्यांचा चेहरा खुलला.
"म्हणजे चांगलं ना? आमच्या डेरीत
आकडा चढला की पैसे चढतात."

मला हसू आलं, मग आलं नाही.
सांगितलं, हा आकडा उलटा वाचायचा.
"आणि रंग कसला, ते या मीटरला कळत नाही."
ते बराच वेळ मीटरकडे बघत राहिले,
जणू त्यानेच काहीतरी मिसळलंय.

"हे कुठे लिहू नका," मग हळूच म्हणाले.
सून दक्षा तिथेच पॅकिंगला आहे,
महिना साडेअकरा हजार.
तिच्याच पैशांनी यंदा बोअर खोल केला,
एकशेऐंशी फुटांवरून तीनशेवर.
"कंपनी बंद नको पडायला.
भेंडी लावू की नको, तेवढं सांगा."

भेंडीचं माझ्या कोष्टकात नाही.
म्हटलं, निदान जनावरांना तरी देऊ नका.
"म्हैस कुठे पितेय," ते म्हणाले,
"हुंगते, फुरफुरते, मागे सरते.
तिला कोणी रिपोर्ट दिला?"

उरलेलं पाणी ओतायला मी सिंकपाशी गेले
आणि हात आखडला.
सिंकची नळी गटारात, गटार विश्वामित्रीत,
जिथे पुलाखाली मगरी उन्हात जबडे उघडून पडतात
आणि लोक स्कूटर थांबवून फोटो काढतात,
तिथून धाढरमध्ये, तिथून खाडीत.
नकाशावर बोट फिरवत गेलं तर
'बाहेर' नावाचं गाव कुठे लागत नाही.
शेवटी ते मी एका चंचुपात्रात काढून ठेवलं,
वर काचेची चकती झाकली.
अजून ठेवलंय. सोमवारी साहेब विचारतील.

"बाटली द्या परत, चांगली आहे."
चारदा विसळली, आमच्या फिल्टरचं पाणी भरलं.
तो फिल्टर एक ग्लास द्यायला तीन ग्लास फेकतो,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

दारातच त्यांनी झाकण उघडून एक घोट घेतला,
तोंडात घोळवला, डेरीत दूध चाखतात तसा.
"तुमच्या पाण्याला चवच नाही, बेन,"
म्हणाले, आणि झाकण घट्ट लावून
बाटली पिशवीत उभी ठेवली,
सांडू नये म्हणून.