डाव्या बुटाची नोंद

ऑफिसने टाकून दिलेला लॅपटॉप
मी सॅल्मनच्या खोक्यात घालून घरी आणला.
विकतची सिस्टीम त्याला पेलवेना, धापा टाकायचा,
म्हणून ती दुसरी बसवली,
जिचं पोट उघडून बघायला
कुणाची परवानगी लागत नाही.
एचचं बटण तुटलेलं.
स्पॅनिशमध्ये एच मुकाच, पत्रांपुरतं निभावलं;
घोडं अडलं ते कोडपाशी,
तिथे उंचीतही एच आणि रुंदीतही.
मग कुठूनतरी एक एच उचलून
तोच जिथेतिथे चिकटवत राहिलो.

कास्त्रोच्या त्या कारखान्यात रात्री
राखायला असतं काय? बर्फ, पंप,
आणि एक कुत्री,
पहारेकरी मी, पण जागी ती असते.
दोन फेऱ्यांमधल्या पाऊण तासात मी शिकलो
की उघडलेला कंस कुणीतरी मिटावा लागतो,
की मशीन रागावत नाही,
नुसतं तीच ओळ दाखवत राहतं,
बेचाळिसावी, बेचाळिसावी,
आणि चूक असते एकेचाळिसाव्या ओळीत.

तीन आठवड्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात
तळहाताएवढा निळा चौकोन उगवला,
नेमका कचऱ्याच्या डब्यावर.
त्यात पाणी चढायचं, उतरायचं,
खाली लिहिलेलं: पुढची ओहोटी अमुक वाजता.
आईसाठी केला होता.
आमचं घर पाण्यात खांबांवर उभं;
खांबावरचं शेवाळ किती उघडं पडलंय ते बघून
ती चाळीस वर्षं शिंपल्या वेचायला उतरते.
तिने चष्मा लावला, चौकोन नीट पाहिला.
"छान आहे," म्हणाली. "आवाज नाही का याला?"

सप्टेंबरात सरकारने
घड्याळं एक तास पुढे केली.
चौकोनाला हे कुणी सांगायचं होतं?
मीच. मला कुठे माहीत!
सातला पाळी सुटली, घराखाली आलो
तर अंधारात, पावसात,
बादली उपडी घालून आई तिच्यावर बसलेली.
समोर पाणी अजून मांडीभर.
"आज समुद्राला उशीर झालाय," एवढंच बोलली.
खांबाकडे तिने पाहिलंच नव्हतं त्या दिवशी,
मला बरं वाटावं म्हणून.
डाव्या बुटातून पाणी आत शिरलं होतं,
पाय काढून पिळावा तसा तिने मोजा पिळला.

त्या दिवशी झोपलो नाही.
समुद्राचं घड्याळ वेगळं केलं, सरकारचं वेगळं.
दोन ओळींचंच काम होतं, संध्याकाळ झाली.
आवाजही घातला; फोनमध्ये एकच होता,
कारखान्यातल्या कुत्रीचा, तो.
आणि त्याच्यावर, मशीन जी ओळ वाचत नाही,
माणसांनी माणसांसाठी सोडलेली असते, तसली एक लिहिली:
आईच्या डाव्या बुटाला भोक आहे.
पाणी परतायच्या दहा मिनिटं आधी भुंक.

मग सगळं उघड्यावर ठेवून दिलं.
ज्याला हवं त्याने घ्यावं, मोडावं, जोडावं.
महिनेच्या महिने कुणी फिरकलं नाही.
नवे बूट आणले, ते तिला चावतात,
ती जुनेच घालते.

परवा कळलं,
फ्रान्सच्या टोकाला, रॉस्कॉफ नावाच्या बंदरात
कुणा ग्वेनोलेने तो चौकोन नेलाय.
माझे तीन कंस त्याने दुरुस्त केले,
कचऱ्याचा डबा मोकळा केला,
बंदर बदललं, भरतीचे आकडे बदलले.
बुटाची ओळ मात्र जशीच्या तशी,
आणि तिच्याखाली त्याची:
माझ्या आईचे बूट धड आहेत,
पण तिला कमी ऐकू येतं. आवाज वाढवलाय.

आईला वाचून दाखवलं.
तिने सुरी थांबवली, शिंपली अर्धी उघडलेली.
"भुंकते ती आपलीच ना?"
आपलीच.
"मग तिचं नाव पिल्पिलेन आहे
हे कळवलंस का त्यांना?
कुणीही हाक मारेल उगाच काहीतरी."

नव्हतं कळवलं.
ती ओळ आता लिहितोय,
पंप चालू आहे, दुसरी फेरी व्हायची आहे.
बरं झालं,
तिच्या नावात एच नाही.