एका ओळीची जागा

रात्री अडीचला मुरगावच्या धक्क्यावर कोळशाची बोट लागते
तेव्हा आमच्या ऑफिसच्या काचा हलक्या वाजतात.
वास्को, पोदेराच्या भट्टीवरचा मजला,
जहाजांना खलाशी पुरवणारी एजन्सी.
सर्व्हर मी सांभाळते.

आज यादीत एक ओळ अडकलीय.
प्रोसेस क्रमांक चार हजार एकशे सात. संपलेली.
अगदी रीतीनं संपलेली:
उघड्या फायली मिटल्या,
मेमरीचं पान न् पान परत गेलं,
तिची मागं राहिलेली पोरं एक नंबरच्या पदरात घातली.
(एक नंबर सगळ्यांच्या आधी उठतो,
अनाथ कुणाचंही असो, नाही म्हणत नाही.)
उरला फक्त आकडा,
कशानं संपली, त्याचा.
तो जन्मदात्यानं येऊन विचारायचा असतो.
विचारला की ओळ पुसली जाते.

मी सवयीनं नऊ नंबरचा सिग्नल मारला.
काही झालं नाही.
होणार काय?
मेलेल्याला मारता येत नाही,
हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आल्वारिशबाबाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात
एक पिवळं पाकीट आहे.
रोमाल्दो, ऑइलर, वय एकोणतीस.
कंपनीनं सगळं रीतीनं केलं.
केबिन दुसऱ्याला दिली,
बूट, फोन, रोझरी एका पेटीत धाडली,
पगार मोजून मिटवला.
त्याच्या मुलीला थोरल्या आत्यानं कुठ्ठाळीला नेलं.
एक कागद राहिला.
त्यावर बापाची सही हवी.

तीन निरोप गेले. मग मीच गेले चिखलीला.
ओहोटी होती.
केरोबिन गुडघाभर चिखलात
तिसऱ्यो काढत होता, पाठमोरा.
मी पाकिटाचं बोलायच्या आत म्हणाला,
"तो जुलयांत येतलो. हांव रावतां."
आणि अर्धी पिशवी तिसऱ्यो माझ्या हातात दिल्या,
पैसे घेतले नाहीत.

यंत्रात त्या हाकेचं नावच 'वेट' आहे.
तिथं बाप थांबतो
म्हणजे आकडा हातात घेतो,
मान हलवतो, पुढच्या कामाला लागतो.
चिखलीत थांबतात ते निराळं.
परत येताना बसमध्ये पिशवी गळत राहिली,
खारं पाणी, थेट चपलेवर.

एक उपाय असतो.
जन्मदात्यालाच संपवायचं.
मग ती ओळही एक नंबरकडे जाते,
तो तर सतत विचारतच असतो,
पापणी लवायच्या आत यादी साफ.
सकाळी साफ हवी, असं आल्वारिशबाब म्हणालाय.
मी जन्मदात्याचा क्रमांक टाइप केला.
बोट एंटरवर.
खाली पोदेरानं भट्टीचं दार उघडलं,
पोयांचा वास जिन्यावरून वर आला.
पाहिलं तर तो अजून कामात होता,
घराघरांत निरोप धाडत होता:
अमुक जहाज सुटलं, तमुक पोचलं.

टाइप केलेलं एकेक अक्षर मागं घेत पुसलं.

असू दे. मेमरी खात नाही,
वेळ खात नाही,
कुणाच्या वाटेत येत नाही.
फक्त चार हजार एकशे सात हा नंबर
अजून
दुसऱ्या कुणाला देता येत नाही.