खांबाची जागा

हॉर्नकासलच्या शाळेमागे, मैदानाच्या कडेला,
गोलखांबापासून नऊ पावलांवर
मीटरभर लांब, मीटरभर रुंद खड्डा.
दर दहा सेंटिमीटरला थांबायचं.
मॉरीन डॉब्नी गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन सांगते,
हे स्वेटर उसवण्यासारखं आहे,
शेवटचा टाका आधी सुटतो.
फक्त ही लोकर परत विणता येत नाही,
म्हणून सुटेल तो टाका लिहून ठेव.

मी लिहिते. खोली, ओल, खडे किती.
मातीचा रंग पुस्तिकेतल्या चौकोनांशी जुळवते,
चौकोनाचा आकडा लिहिते,
आणि समासात माझ्यापुरतं, पेन्सिलीने:
तुपाच्या बेरीसारखा.

करणी विकत घेतली, असं फोनवर सांगितलं तेव्हा
थोरल्या जाऊबाई क्षणभर गप्प झाल्या.
मग म्हणाल्या, कोणावर?
गवंड्याची हो, मी म्हटलं. माती खरवडायला.
मग त्या हसल्या, आणि तरी म्हणाल्याच,
गाडलेली मढी कशाला उकरता परक्यांची.

इथे डोंगर पोखरून उंदीरच हवा असतो.
परवा बारीक चाळणीत सापडला,
उंदराचा जबडा, नखाएवढा.
चार जण धावत आले.
उंदीर म्हणजे कणगी, कणगी म्हणजे पीक,
पीक म्हणजे कुणीतरी हिवाळ्याचा हिशेब करत होतं.

शनिवारी लोकांना बोलावलं.
तंबूत चहा, टेबलावर खापरं,
जुने टूथब्रश, पाण्याची टोपली, पोरांची गर्दी.
सोनं मिळालं का? सोनं मिळालं का?
नेव्हिल ब्लॅन्शर्ड, चाळीस वर्षं याच गावाची गटारं खणलेले,
खड्ड्यात डोकावून म्हणाले,
एवढ्यासाठी दोन आठवडे? मी दुपारपर्यंत केला असता.

मी झाडांवर मारायचा फवारा घेतला,
वाळलेल्या तळावर पाणी उडवलं.
ओल चढली तसं ते वर आलं:
ताटाएवढं, काळसर, जवळजवळ गोल.
हे काय? काही नाहीये तिथे.
नाहीये, म्हटलं. इथे खांब होता.
लाकूड कुजलं, आणि जाताना
आपल्या मापाची माती जागेवर ठेवून गेलं.

कुबा, दुसरीतला, पोलिश बेकरीवाल्यांचा,
आईचा हात सोडून खाली उतरला.
वर्तुळावर पाय पडू न देता कडेला उभा राहिला
आणि हवेला मिठी मारली,
गाल टेकवून.
बोटं एकमेकांना पोचत नव्हती, म्हणजे जाड होता.
कोणी हसलं नाही.

किती उंच असेल? नेव्हिलनी विचारलं.
माहीत नाही.
छप्पर होतं?
माहीत नाही. दुसरा खांब सापडला तर सांगता येईल.
ते कमरेवर हात ठेवून मैदानाकडे बघत राहिले,
मग मोजून चार ढांगा टाकल्या,
बुटाची टाच रोवली: इथे बघा कधीतरी.

मी संगमनेरची. जोर्वे घरापासून एवढंसं.
तिथली तांबडी खापरं पाठ्यपुस्तकात होती,
परीक्षेला दोन गुणांची.
एसटी तिथून जायची, मी खिडकीतून ऊस बघायचे.
कोणी खाली उतरवून
ओल्या मातीवर बोट ठेवलं नाही कधी,
मीही विचारलं नाही.

वर्तुळ अर्धंच कापलं. उरलेलं अर्धं
आमच्याहून शहाणी माणसं येतील त्यांच्यासाठी.
तक्त्यात लिहिलं: खांब?
प्रश्नचिन्ह जरा लाजत काढलं होतं.
मोठं कर, मॉरीन म्हणाली, दिसत नाहीये.

रविवारी कापड अंथरलं, त्यावर यंदाचं एक नाणं,
आम्ही इथवर आलो होतो याची खूण.
माती भरली, गवताचे चौकोन परत बसवले, तुडवले.

सोमवारी मधल्या सुट्टीत
चेंडू त्या जागी
जरा कमी उसळला.